एम-६ रणगाडा

एम-६ रणगाडा : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) अमेरिकेने विकसित केलेला प्रायोगिक जड रणगाडा. १९४० मध्ये त्याच्या अभिकल्पास प्रारंभ झाला, १९४२ मध्ये त्यास सैनिकी वापरासाठी प्रमाणित करण्यात आले व १९४४ च्या अखेरीस तो कालबाह्य ठरविण्यात आला. या साडेचार वर्षांत केवळ ४० रणगाडे बांधले गेले आणि त्यांपैकी एकही प्रत्यक्ष रणांगणावर लढला नाही. त्या काळात तो जगातील सर्वांत वजनदार रणगाड्यांपैकी एक होता. तरीही रणगाड्याचे भवितव्य केवळ त्याची तोफ व चिलखत यांवरून ठरत नाही. तो कारखान्यापासून रणभूमीपर्यंत कसा पोहोचवावयाचा व तेथे त्याच्याकडून कोणते काम घ्यावयाचे, यांवरही ते अवलंबून असते, याचे उदाहरण म्हणून त्याच्या विकासाचा इतिहास महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धानंतर १९१९-२० मध्ये अमेरिकेने रॉक आयलंड येथील शस्त्रागारात ‘मार्क-८’ या जातीचे १०० जड रणगाडे बांधले. त्यानंतरच्या दोन दशकांत आर्थिक तंगी आणि युद्धापासून अलिप्त राहण्याचे राष्ट्रीय धोरण यांमुळे जड रणगाड्यांचा विकास जवळजवळ थांबला. मे १९४० मध्ये जर्मनीच्या चिलखती दलांनी फ्रान्समध्ये मुसंडी मारली, तेव्हा अमेरिकी भूसेनेला आपली उणीव तीव्रतेने जाणवली. त्याच महिन्यात पायदळाच्या प्रमुखांनी जड रणगाड्याची मागणी केली आणि युद्धसामग्री खात्याने सु. ४५ मेट्रिक टन वजनाच्या रणगाड्याची रूपरेषा मांडली. जुलै १९४० मध्ये तीस ‘टी-१’ या नावाने मंजुरी मिळाली.

मूळ कल्पनेत ७५ मिमी. तोफांचे दोन मुख्य बुरूज आणि लहान शस्त्रांचे आणखी दुय्यम बुरूज योजिलेले होते. अनेक बुरुजांचे असे रणगाडे १९३० च्या दशकात यूरोपात बांधले गेले होते. परंतु त्यांत जागा, वजन व सैनिक यांचा अपव्यय होतो आणि एकट्या नायकाला सर्व तोफांवर नियंत्रण ठेवणे अशक्य होते, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. म्हणून ऑक्टोबर १९४० मध्ये ही कल्पना सोडून एकच मोठा फिरता बुरूज ठेवण्याचे ठरले. तत्पूर्वी ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियानजीकच्या एडिस्टोन येथील ‘बॉल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्स’ या रेल्वे एंजिने बनविणाऱ्या कंपनीस ५० रणगाड्यांचे कंत्राट देण्यात आले होते. अवजड ओतकाम व यंत्रकाम यांचा अशा कंपनीस दीर्घ अनुभव असल्याने ही निवड स्वाभाविक होती.

रचना : पूर्ण झालेल्या रणगाड्याचे वजन सु. ५७ मेट्रिक टन भरले. म्हणजे मूळ अंदाजापेक्षा ते सु. १२ टनांनी अधिक होते. तोफेसह लांबी सु. ८.४ मी., रुंदी ३.१ मी. व उंची सु. ३ मी. होती. पुढच्या बाजूस सु. ८० ते १०० मिमी. जाडीचे चिलखत होते. रणगाड्यात सहा सैनिक बसत. बुरुजात ७६.२ मिमी. (३ इंची) मुख्य तोफ व तिच्या शेजारी त्याच आधारावर ३७ मिमी. तोफ, तर सांगाड्याच्या पुढील भागात १२.७ मिमी. मशीनगनांची जोडी बसविलेली होती. रणगाडा धावत असताना तोफेचा नेम स्थिर राहावा यासाठी घूर्णीवर आधारित स्थिरकारी योजना केलेली होती.

एवढे वजन ओढण्यासाठी पुरेसे शक्तिशाली असे रणगाड्याचे एंजिन त्या वेळी अमेरिकेत उपलब्ध नव्हते. म्हणून विमानासाठी बनविलेले राइट कंपनीचे नऊ सिलिंडरांचे अरीय (चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सिलिंडर मांडलेले) पेट्रोल एंजिन निवडले गेले. हवेने थंड होणारे हे एंजिन सु. ८०० अश्वशक्ती देई व रणगाडा ताशी सु. ३५ किमी. वेगाने धावू शके. मात्र खरी अडचण शक्ती निर्माण करण्याची नव्हती. ती चाकांपर्यंत पोहोचविण्याची होती. नेहमीच्या दातेरी चक्रांच्या पेटीवर एवढा भार पडला असता चालकाला वेग बदलणे आणि रणगाडा वळविणे जिकिरीचे झाले असते. यावर दोन उपाय शोधण्यात आले. पहिल्यात एंजिन आणि चक्रपेटी यांच्यामध्ये द्रवाच्या साहाय्याने परिबल (पीळ देणारी प्रेरणा) वाढविणारा परिवर्तक घातला होता. दुसरा उपाय जनरल इलेक्ट्रिक कंपनीने सुचविला. त्यात एंजिनाने विद्युत् जनित्र फिरवावयाचे व त्या विजेवर दोन चलित्रे (मोटरी) चालवून दोन्ही बाजूंचे पट्टे स्वतंत्रपणे फिरवावयाचे, अशी योजना होती. डीझेल-विद्युत् रेल्वे एंजिनातही हेच तत्त्व वापरतात. या पद्धतीत वेग सलगपणे कमी-जास्त करता येतो व वळणे सुलभ होते. परंतु जनित्र व चलित्रे यांचे वजन वाढते.

सांगाड्यासाठीही दोन पर्याय तपासले गेले : एकसंध ओतीव पोलादाचा आणि जाड पत्रे वितळजोडाने सांधलेला. त्यावरून तीन प्रकार निष्पन्न झाले. ओतीव सांगाडा व परिवर्तक असलेल्यास ‘एम-६’, जोडलेला सांगाडा व परिवर्तक असलेल्यास ‘एम-६ए-१’ अशी नावे मिळाली. ओतीव सांगाडा व विद्युत् प्रेषण असलेला ‘टी-१ई-१’ आपल्या प्रायोगिक नावानेच ओळखला गेला.

चाचण्या व मतभेद : पहिल्या आद्य नमुन्याचे औपचारिक प्रात्यक्षिक ८ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एडिस्टोन येथे झाले. युद्धात उतरलेल्या देशाचा उत्साह त्या वेळी एवढा होता, की १९४२ च्या आरंभी सु. ५,००० जड रणगाडे बांधण्याची योजना आखली गेली. मे १९४२ मध्ये एम-६ व एम-६ए-१ प्रमाणित झाले. परंतु त्याच वर्षात हा आकडा दोनअडीचशेच्या आत आणला गेला.

या बदलाचे मूळ कारण वाहतुकीत होते. जर्मनी वा रशिया यांचे रणगाडे आगगाडीने आघाडीवर जात; अमेरिकेचा प्रत्येक रणगाडा मात्र महासागर ओलांडून न्यावा लागे. सु. ३० टन वजनाचा ‘एम-४ शेरमन’ हा मध्यम रणगाडा बहुतेक मोठ्या बंदरांतील याऱ्यांना उचलता येई आणि सैन्याच्या तात्पुरत्या पुलांवरून जाऊ शके. एम-६ च्या बाबतीत यांपैकी काहीही गृहीत धरता येत नव्हते. एका एम-६ ऐवजी तेवढ्याच वजनात दोन शेरमन पाठविता येत होते.

शिवाय त्याच्या तोफेचे वेगळेपणही टिकले नाही. तीच ३ इंची तोफ सु. ३० टनांच्या ‘एम-१०’ या रणगाडाविरोधी वाहनावर बसली आणि तितकीच प्रभावी ७६ मिमी. तोफ शेरमनवर बसविता येईल, हे १९४२ मधील प्रयोगांत दिसून आले. शत्रूच्या रणगाड्यांचा समाचार रणगाडाविरोधी तुकड्यांनी घ्यावा, रणगाड्यांनी फळी फोडून खोलवर मुसंडी मारावी, हा भूसेनेच्या लढाऊ दलांचे (आर्मी ग्राउंड फोर्सेस) प्रमुख लेस्ली मॅक्नेर यांचा सिद्धांतही जड रणगाड्याच्या विरुद्ध जाणारा होता. ७ डिसेंबर १९४२ रोजी चिलखती दलाचे प्रमुख जेकब डेव्हर्स यांनी, प्रचंड वजन आणि मर्यादित उपयोग यांमुळे आपल्या दलास या रणगाड्याची गरज नाही, असे लेखी कळविले. परिणामतः ८ एम-६, १२ एम-६ए-१ व २० टी-१ई-१ एवढ्यांवर उत्पादन थांबले. हे रणगाडे चाचण्यांसाठी आणि युद्धकर्ज रोख्यांच्या प्रचारासाठी वापरले गेले.

नॉर्मंडीतील लढाईनंतर, १९४४ च्या उन्हाळ्यात, युद्धसामग्री खात्याने पंधरा टी-१ई-१ रणगाड्यांवर जाड चिलखत व १०५ मिमी. तोफेचा नवा बुरूज चढविण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे वजन सु. ७० मेट्रिक टन झाले असते. सरसेनापती आयझनहौअर यांनी तो ऑगस्टमध्ये नाकारला. १४ डिसेंबर १९४४ रोजी एम-६ मालिका कालबाह्य ठरविण्यात आली. त्यानंतर दोनच दिवसांनी जर्मनीने आर्देनमध्ये हल्ला चढविला व जर्मन जड रणगाड्यांपुढे शेरमनमधील सैनिक किती असुरक्षित आहेत, हा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला.

मूल्यमापन : एम-६ नाकारला नसता, तर अनेक सैनिकांचे प्राण वाचले असते, असे मत काही वेळा मांडले जाते. ते पूर्णतः ग्राह्य नाही. एम-६ चे वजन जर्मन ‘टायगर-१’ एवढेच असले, तरी टायगरची ८८ मिमी. तोफ त्याच्या तोफेहून पुष्कळ प्रभावी होती. आणि ‘पँथर’ रणगाड्याचे पुढचे तिरपे चिलखत ३ इंची तोफेला नेहमीच्या अंतरावरून भेदता येत नव्हते. म्हणजे एम-६ नाकारण्याचा निर्णय सयुक्तिक होता. चूक झाली ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. हा विशिष्ट रणगाडा नको, याचा अर्थ अधिक जड रणगाड्याची निकड नाही, असा घेतला गेला. त्यामुळे ९० मिमी. तोफ असलेल्या ‘टी-२६’ रणगाड्याच्या विकासास अपेक्षित वेग मिळाला नाही. त्याचे पहिले २० नमुने जानेवारी १९४५ मध्ये यूरोपात उतरले. पुढे तो ‘एम-२६ पर्शिंग’ या नावाने ओळखला गेला. सु. ४२ मेट्रिक टनांच्या या रणगाड्याने सु. १०० मिमी. चिलखत व अधिक भेदक तोफ एम-६ च्या तीनचतुर्थांश वजनात सामावून घेतली. तरीही मार्च १९४५ मध्ये रेमागेन येथील मोडकळीस आलेल्या पुलावरून पर्शिंग नेता आले नाहीत. ते काही दिवसांनी तराफ्यांवरून ऱ्हाईनपार न्यावे लागले. वजनाविषयीची सेनाधिकाऱ्यांची धास्ती निराधार नव्हती, हे यावरून दिसते.

एम-६ मालिकेतील केवळ एक टी-१ई-१ आज अस्तित्वात आहे. अमेरिकी भूसेनेच्या युद्धसामग्री संग्रहातील हा रणगाडा दीर्घकाळ मेरिलंडमधील ॲबर्डीन येथे होता. मालिकेतील दोन रणगाड्यांवर १०५ मिमी. तोफेचा बुरूज बसवून घेतलेल्या चाचण्यांचा उपयोग पुढील ‘टी-२९’ या जड रणगाड्याच्या विकासात झाला.