वरातीमागून सुनावणी

‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपलाच मे महिन्यातला निकाल दोन विरुद्ध एक मताने मागे घेतला. आधी बांधकाम उरकायचं आणि पर्यावरण मंजुरी मागाहून घ्यायची, ही वाट न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी १६ मे रोजी बंद केली होती. फेरसुनावणी होईपर्यंत ती पुन्हा मोकळी झाली. न्या. भुयान यांनी या वेळी विरोधी मत नोंदवलं. बहुमताचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. ओडिशातलं एम्सचं ९६२ खाटांचं रुग्णालय पाडायचं का? वीसेक हजार कोटींची कामं मातीत घालायची का?

पण सगळी चर्चा सिमेंटचीच झाली. मंजुरी मागाहून मिळणार असेल तर जनसुनावणीचं काय, हे कोणी फारसं विचारलंच नाही.

२००६च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीसाठी किमान ३० दिवसांची नोटीस लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो आणि चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट मात्र नाही. पाचशे माणसं आली काय, पाच आली काय, सुनावणी ‘झाली’.

अशाच एका सुनावणीच्या मंडपात मी बसलो होतो. टेबलावर इंग्रजी अहवालाचा गठ्ठा आणि शेजारी मराठी सारांशाची पातळ प्रत. पुढच्या रांगेतल्या एका कोळणीला त्यात नकाशा सापडला. तिने बोटाने खाडीची रेघ धरली आणि ती जिथे चिंबोऱ्या पकडते तिथे बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘प्रस्तावित भराव’. तिने उठून माईक मागितला. इतिवृत्तात तिच्या बोलण्याच्या अडीच ओळी झाल्या. भराव अजून कागदावरच होता, म्हणून त्या अडीच ओळींना किंमत होती.

उशीर झाल्यावर काय हाती लागतं, ते उरणच्या मच्छीमारांना विचारा. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये बंदराच्या कामांनी मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई मंजूर केली. त्यातला सर्वांत मोठा वाटा जेएनपीटी बंदराने द्यायचा होता. निकाल ऐतिहासिकच होता, पण भागाकार केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार येतात. भरती-ओहोटीचं पाणी जिथे अडलं, तिवरं जिथे गेली, तिथल्या पुढच्या पिढीच्या निवट्यांचा भाव या आकड्यात कुठे धरलाय?

उलट ओडिशातलं नियमगिरी पाहा. लांजीगडचा कारखाना पायथ्याशी आधीच उभा राहिला होता, तो राहिलाच. डोंगरावरचं बॉक्साइटचं खाणकाम मात्र सुरू व्हायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारायला सांगितलं. बाराही ग्रामसभा ‘नाही’ म्हणाल्या आणि डोंगर वाचला. विचारणा वेळेत झाली, एवढाच काय तो फरक.

म्हणून या खटल्यांतला जाणता वकील कायद्याच्या पुस्तकाआधी कॅलेंडर उघडतो. मंजुरीला हरित लवादात आव्हान द्यायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. तेवढ्यात पाड्यावरच्या माणसाने मंजुरी निघाल्याचं माहीत करून घ्यायचं, इंग्रजी कागद कोणाकडून तरी समजून घ्यायचे, वकील गाठायचा आणि पुण्याची एसटी पकडायची. समोरच्या कंपनीची कायदा शाखा तोवर तिसऱ्या मसुद्यावर असते. अशा गावाला भाषणं ठोकणाऱ्या वकिलापेक्षा कागद वाचून दाखवणारा वकील जास्त उपयोगाचा.

उभं रुग्णालय पाडू नये, हे मान्य. पण एका रुग्णालयाच्या आडोशाने किती खाणी आणि किती टॉवर आत शिरतील? फेरसुनावणीत कोटींचा हिशेब मांडला जाईलच. सोबत प्रत्येक प्रकल्पाकडून दोनच तारखा मागवाव्यात: पहिला डंपर कधी रिकामा झाला आणि गावात माईक कधी लागला.