महामार्गावर थंड, मल्लेश्वरममध्ये कोमट : मोटारीच्या एसीतील दोष कसा ओळखावा?

पुणे-बेंगळुरू महामार्गावर मोटारीचा एसी उत्तम थंडावा देतो. तुमकुरू रस्त्याने यशवंतपूर ओलांडून गाडी मल्लेश्वरममध्ये शिरते, संपिगे रस्त्यावरील कोंडीत थांबत-थांबत सरकू लागते आणि समोरच्या जाळीतून कोमट हवा येऊ लागते. अशा वेळी बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘गॅस भरून घ्या.’ वास्तविक या लक्षणात पहिला संशय गॅसवर नव्हे, तर कंडेन्सर व त्याच्या पंख्यावर घ्यावयास हवा.

हा प्रश्न केवळ प्रवासातील सुखाचा नाही. हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोसारख्या संस्थांतून मित्रकीटक नेले जातात. उसावरील खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डे, तसेच रायझोबियम व ट्रायकोडर्माची पाकिटे विस्तार कार्यकर्त्यांच्या गाडीतूनच शेतापर्यंत पोहोचतात. गाडी तापली की कार्डावरील परोपजीवी कीटक अकाली बाहेर पडतात किंवा मरतात आणि जिवाणू खतातील जिवंत पेशींची संख्या घटते. पाकीट मात्र वरून तसेच दिसते. जनावरांच्या लसींना तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यांच्यासाठी चांगल्या एसीवरही विसंबू नये, बर्फाची पेटीच वापरावी.

एसी थंडी निर्माण करीत नाही. तो आतील उष्णता उचलतो व रेडिएटरपुढील कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. वेगात असताना कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. गाडी थांबली की सारी भिस्त विजेच्या पंख्यावर येते. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, हवा सौम्य आहे, तरी कोंडीत इंजिनाची उष्णता तेथेच घोटाळते. शेतावर फिरणाऱ्या गाडीत आणखी एक अडचण असते. भुसा, पाचटाचे तुकडे आणि धूळ कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधील फटीत साचते व पुढून पाहता दिसत नाही.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. गाडी मोकळ्या जागी उभी करून एसी चालू करावा आणि पंखा फिरतो का हे पाहावे. नंतर विजेच्या जोडण्या टाळून कंडेन्सरवर साध्या नळीने पाणी सोडावे. काही मिनिटांतच जाळीतील हवा स्पष्टपणे थंड झाली, तर उष्णता बाहेर पडण्यातच अडथळा आहे. साफसफाई इंजिन थंड व बंद असताना, हलक्या धारेने करावी. द्राक्षबागेतील एचटीपी पंपाचा मोह टाळावा. त्या दाबाने कंडेन्सरच्या नाजूक पात्या वाकतात आणि वाट कायमची बुजते. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात दूर ठेवावा.

हवा थंड, पण झोत मंद असेल, तर केबिनचा फिल्टर पाहावा; धुळीच्या भागात तो अपेक्षेपेक्षा फार लवकर भरतो. सुरुवातीस थंड आणि अर्ध्या तासाने झोत क्षीण होत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमत आहे असे समजावे. झोत भरपूर असूनही हवा गरमच असेल, तर कॉम्प्रेसरच्या पुढील चकतीकडे लक्ष द्यावे : एसीचे बटण दाबताच ती ‘टक्’ असा आवाज करून फिरू लागते. फिरत नसेल, तर आधी फ्यूज व रिले तपासावेत आणि गोठ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या तारा शोधाव्यात. काही नव्या गाड्यांत अशी क्लचची चकती नसते. तेथे ही खूण लागू पडत नाही.

चकती वारंवार लागून सुटत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता खरी. पण हा गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. अल्पावधीत लक्षणीय घटला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गॅससोबत तेलही झिरपत असल्याने सांध्यांवरील तेलकट, धूळ चिकटलेला डाग ही उपयुक्त खूण होय. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो, आणि आर-१३४ए हा वायू तापमानवाढीस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक कारणीभूत ठरतो.

गॅस भरण्याचे काम घरी करू नये. द्रवरूप गॅस त्वचेवर उडाल्यास हिमदाह होतो. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाचा गॅस तर कदापि भरू देऊ नये. केबिनमध्ये गळती झाल्यास स्फोटाचा धोका असतो. कार्यशाळेत तीन गोष्टींचा आग्रह धरावा : गळतीची चाचणी, नळ्यांतील हवा व ओलावा काढण्यासाठी निर्वात पंप, आणि बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये वजन करून भरणा. केवळ दाब पाहून ‘थोडा जास्तच’ भरलेल्या गॅसने थंडावा वाढत नाही, घटतो.