पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?

दुकानदाराला ऑनलाइन लुटणारा माणूस बहुतेक वेळा मोबाईल हॅक वगैरे करत नाही. तो आपल्याशी गोड बोलतो आणि आपल्याच हाताने पैसे पाठवायला लावतो. याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात.

माझंच सांगतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी दुकानात फोन आला. मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय, फराळाचे चाळीस बॉक्स पाहिजेत. भाव केलाच नाही. (इथेच शंका यायला हवी होती. चाळीस बॉक्स घेऊन भाव न करणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही.) लष्कराचं नाव का घेतात? आदरापोटी आपण फार प्रश्न विचारत नाही, आणि त्यांची पेमेंटची पद्धत वेगळी असेल असं आपणच समजून घेतो.

व्हॉट्सअॅपवर ओळखपत्राचा फोटो आला, मागोमाग क्यूआर कोड. "स्कॅन करून पिन टाका, अॅडव्हान्स तुमच्या खात्यात येईल." काउंटरवर गर्दी होती, धाकट्या भावाने टाकला पिन. पाच हजार गेले. फोन केला तर समोरचा म्हणतो, "सॉरी, उलटं झालं. आता दहा हजारांचा कोड पाठवतो, मागचे धरून परत येतील." भावाने तोही स्कॅन केला!

हसू नका. गेलेले पैसे परत मिळवायची घाई सगळ्यात वाईट. त्या लोकांचा धंदाच तिच्यावर चालतो.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, नाहीतर बॅलन्स बघताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि समोरच्याचा कोड स्कॅनही करावा लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. पेमेंटचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो, म्हणून साउंडबॉक्स बोलला किंवा स्वतःच्या अॅपमध्ये जमा दिसलं तरच माल द्या. सकाळी शटर उघडलं की आपल्या क्यूआरवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवलाय का, बघा. आणि लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून एपीके फाइल आली तर इन्स्टॉल करू नका, तुमचे ओटीपी चोराला दिसू शकतात.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत तक्रार झाली तर ते अडवता येतात. आम्ही दुकान बंद झाल्यावर, रात्री साडेदहाला फोन केला. तोवर पंधरा हजार पुढे निघून गेले होते.