तुकारामांवर लिहायचंय? मग संदर्भ असे शोधा

तुम्ही ग्रोनिंगनमध्ये शिकता. शाळा संपताना तुम्हाला 'प्रोफीलवेर्कस्टुक' करायचं असतं. त्याला सुमारे ८० तासांचा अभ्यास लागतो. समजा, तुम्ही विषय घेतलात, संत तुकारामांचे अभंग. शिक्षक विचारणारच, "संदर्भ कोणते?"

१. प्रश्न लहान करा. नुसतं 'तुकाराम' शोधलंत तर ढीगभर माहिती येईल. त्याऐवजी असं विचारा : तुकाराम देवाशी भांडतात, ते कसे?

२. नाव दोन्ही लिपींत शोधा. देवनागरीत एक यादी येते, रोमन लिपीत दुसरी. 'तुकोबा' आणि 'वारकरी' हे शब्दही टाकून बघा.

३. एका चांगल्या पुस्तकापासून सुरुवात करा. शं. गो. तुळपुळे यांनी जुन्या मराठी साहित्याचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे, ज्या ग्रंथमालेत तो आला तिचे संपादक डच होते : उट्रेख्टचे प्राध्यापक यान खोंडा. अशा पुस्तकाच्या तळटीपा वाचा, म्हणजे आधीचे अभ्यासक सापडतात. नंतरचे अभ्यासक हवेत? गूगल स्कॉलरवर त्या पुस्तकाचा उल्लेख पुढे कोणी केलाय ते दिसतं.

४. दोन्ही कपाटं उघडा. इंग्रजी लेखांसाठी जेस्टोअर आहे. ग्रोनिंगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाची यादी घरबसल्या बघता येते. भारताविषयीच्या पुस्तकांचा मोठा संग्रह लायडन विद्यापीठात आहे. मराठीत 'मराठी विश्वकोश' इंटरनेटवर फुकट वाचता येतो. तिथून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. सदानंद मोरे यांचं 'तुकाराम दर्शन' मिळालं तर जरूर वाचा.

५. पारखून घ्या. लेखक कोण? लेख कुठे छापला? मताला पुरावा दिलाय का? तिन्ही उत्तरं मिळाली, तरच तो संदर्भ वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रेझर आणि मराठे यांनी तुकारामांचं इंग्रजी भाषांतर १९०९ ते १९१५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलं. दिलीप चित्रे यांचं भाषांतर १९९१ साली आलं. एकच अभंग दोन्हीकडे वेगळा वाटू शकतो. तुमच्या शिक्षकांना मराठी येत नसेल, तर त्यांना भाषांतरावरच विश्वास ठेवावा लागतो. तुम्ही मात्र मूळ अभंग उघडून बघू शकता. भाषांतरात काय निसटलं, हे तुम्हीच सांगायचं. ते चुकीचं सांगितलंत, तर वर्गात कोणाला कळणारही नाही. म्हणून ही जबाबदारी मोठी आहे.

आणि हो, गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे क्रमांकासोबत आवृत्तीही लिहा.

करून बघा : एक अभंग निवडा. त्याची दोन भाषांतरं शोधा. कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला, ते चार वाक्यांत मराठीत लिहा.