इंजिन बांधताना वही जवळ ठेवा



मागच्या महिन्यात वांगणीकडच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी ठेवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गाडीचं इंजिन खोललंय. मुलगा म्हणतो, घरीच बांधतो. पण सामानाला पैसे लागतील." लगेच चर्चा सुरू झाली. एक म्हणाल्या, गाडीला कर्ज कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, अहो, ती गाडी बंद राहिली तर हिची भाजी बदलापूरच्या बाजारात पोचणार कशी आणि हप्ता तरी येणार कुठून?

कर्ज मंजूर झालं. पण मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी बांधलेलं इंजिन टिकतं का?"

टिकतं. घाई केली नाही तर टिकतं. हे मी स्वतः चुकून शिकले आहे, म्हणून सांगते.

२७ जुलै २०१९ चा पूर आठवत असेल. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. त्याच पाण्यात बाबांची जुनी १०० सीसी गाडी बुडाली. मी आणि भावाने पडवीत इंजिन खोललं. सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात टाकले, काही लिहून ठेवलं नाही. बांधून किक मारली, तर गाडी सुरू होईना आणि कार्बोरेटरमधून फटाक्यासारखे आवाज यायला लागले. टायमिंग चेन एक दात चुकली होती. इंजिन पुन्हा खोलावं लागलं. तीन आठवडे बाबा कामावर चालत गेले.

म्हणून मुलगा, दीर किंवा मिस्त्री कुणीही इंजिन बांधत असलं, तरी वही तुमच्या हातात असू द्या. तुम्हाला पाना धरता आला नाही तरी चालेल. पुढच्या गोष्टी विचारता आल्या पाहिजेत.

खोलताना

गाडी पाण्यात बुडाली असेल तर किक अजिबात मारू नका. पाणी हवेसारखं दबत नाही. पिस्टनच्या वर पाणी असताना जोर दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, ऑइल बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

प्रत्येक भागाचे नट वेगळ्या वाटीत किंवा पिशवीत ठेवा. वर चिठ्ठी लावा. मोबाइलवर फोटो काढा. वहीत क्रम लिहा: आधी काय निघालं, नंतर काय. बांधायचं ते बरोबर उलट्या क्रमाने.

पिस्टन आणि रिंगा

बोअर झिजला असेल तर नुसत्या रिंगा बदलून पैसे वाया जातात. अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात लेथचं काम जाणणारे लोक आहेत. त्यांच्याकडून आधी बोअर मोजून घ्या, मगच सामान आणा. गॅस्केट नवीन घ्या, जुनी पुन्हा लावू नका.

रिंगेला एका जागी फट असते. सगळ्या फटी एका रेषेत आल्या तर गॅस खाली निसटतो आणि ऑइल वर चढतं. म्हणून फटी रिक्षाच्या तीन चाकांसारख्या तीन दिशांना ठेवायच्या. रिंगेवर अक्षर असेल तर ती बाजू वर. पिस्टनवरची खूणही बघा. 'आयएन' लिहिलेलं असेल तर ती बाजू कार्बोरेटरकडे, म्हणजे इनलेटकडे येते.

पिस्टनच्या पिनेचं लॉक बसवताना खालच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. ते बारीक लॉक उडून आत पडलं तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. फडकं मात्र आठवणीने काढा. 'फडकं घातलं' असं वहीत लिहा आणि काढलं की खूण करा.

टायमिंग

आमची चूक इथेच झाली. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. त्या हिशेबानेच वॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. म्हणून मॅग्नेटवरची 'टी' खूण केसिंगच्या खुणेसमोर आणि त्याच वेळी कॅमच्या चाकावरची खूण हेडच्या खुणेसमोर यायला हवी. दोन्ही जुळल्या तरच चेन बसवा.

मग किक न मारता, पान्याने इंजिन हळूहळू दोन फेरे फिरवा. मध्ये अडलं तर जोर देऊ नका. थांबा आणि तपासा. जोराने वॉल्व्ह वाकतात आणि खर्च दुप्पट होतो.

हेडचे नट

एक नट पूर्ण आवळला आणि मग दुसरा घेतला, असं करू नका. समोरासमोरचे नट थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एका बाजूने आवळलं तर हेड वाकडं बसतं आणि गॅस्केटमधून ऑइल गळतं. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंतच आवळा. तांब्याचा वॉशर ज्या नटाखाली होता तिथेच परत लावा.

शेवटी इंजिन थंड असताना टॅपेट लावा. बाबांच्या गाडीच्या पुस्तिकेत ही फट ०.०५ मिलिमीटर आहे. तुमच्या गाडीची तुमच्या पुस्तिकेत बघा. अंदाजाने लावू नका, फिलर गेज वापरा.

कार्बोरेटर

पेट्रोल आणि हवा इथे मिसळतात. आत बारीक भोकांचे जेट असतात. भोक बंद असेल तर हवेच्या प्रेशरने साफ करा. तार घालू नका. भोक रुंद झालं की पेट्रोल जास्त जातं आणि ॲव्हरेज पडतं.

एअर स्क्रू काढण्याआधी तो हळूच पूर्ण आत फिरवा, किती फेरे लागले ते मोजून लिहा आणि मगच काढा. बसवताना तितकेच फेरे बाहेर. नीडलची क्लिप कितव्या खाचेत होती तेही लिहा. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधली ओ-रिंग फाटली असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि गाडी आपोआप रेस होते.

पेट्रोलने धुलाई करताना चूल, गॅस, देवघरातला दिवा जवळ नको. हे काम अंगणात, मुलांना लांब ठेवून करा.

एक लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे सेन्सर असतात. ते काम घरी खोलू नका.

पहिली किक

आधी पुस्तिकेत दिलेलं ऑइल, दिलेल्या मापाने भरा. स्विच बंद ठेवून आणि प्लग काढून दहा-पंधरा किका मारा, म्हणजे ऑइल वर चढेल. मग प्लग लावून गाडी सुरू करा. हे मोकळ्यावर करा. बंद खोलीत धूर जिवावर बेतू शकतो. बांधताना लावलेल्या ऑइलमुळे सुरुवातीला थोडा धूर येतो, मग कमी होतो. ठकठक आवाज आला तर लगेच बंद करा.

पहिले ५०० किलोमीटर गाडी सावकाश चालवा, जड बोजा टाळा. मग ऑइल बदला आणि टॅपेट पुन्हा तपासा.

गटाचा हिशेब

इंजिनच्या कामासाठी कर्ज देताना सामानाची यादी आधी मागा, पावती घ्या आणि बदललेले जुने भाग बघायला मागा. आरसी बुकवर कुणाचं नाव आहे तेही विचारा. हप्ता ताई भरणार आणि गाडी हवी तेव्हा दुसराच घेऊन जाणार असेल, तर ते घरात आधी बोलून घ्यायला हवं.

त्या वांगणीकडच्या ताईंचा परवा फोन आला. गाडी बांधून झाली, तेव्हा वाटीत एक छोटी ओ-रिंग उरली होती. मुलगा म्हणाला, "राहू दे आई, चालतंय." ताई म्हणाल्या, "बैठकीत एक रुपया जास्त निघाला तरी आम्ही वही पुन्हा मोजतो. हिची जागा शोध." वही उघडली, क्रम लावला. रिंग ऑइलच्या वाटेवरची निघाली. ती तशीच राहिली असती तर ऑइल गळत राहिलं असतं आणि इंजिन परत खोलावं लागलं असतं.

आता त्यांची मेथी आणि पालक रोज सकाळी बाजारात वेळेवर पोचतात. पहिला हप्ताही आला आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक