रिपोर्टमधला ‘बायकार्ब’ काय सांगतोय?

समजा, तुम्ही गडमुडशिंगीत राहता. सकाळची बस पकडून कोल्हापुरात कॉलेजला येता. दुपारी ग्रुपबरोबर गाड्यावर काहीतरी खाता आणि रात्री पोट बिघडतं. पहाटेपर्यंत जुलाब. सकाळी आई दवाखान्यात नेते, रक्त तपासतात आणि हातात रिपोर्ट येतो. सोडियम, पोटॅशियम ही नावं ओळखीची. पण खाली एक ओळ असते: बायकार्बोनेट 14. आकडा ठळक छापलेला. तुम्ही लगेच मोबाइल काढता, सर्च करता आणि पाच मिनिटांत स्वतःला चार गंभीर आजार चिकटवून मोकळे होता!

जरा थांबा. आधी हा गडी कोण आहे ते बघू.

बारावीचं बफर आठवतंय?

केमिस्ट्रीत मार्कांपुरतं पाठ केलेलं बफर द्रावण तुमच्या रक्तात चोवीस तास काम करत असतं. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यातच राहावा लागतो. शरीरात सतत आम्ल तयार होतं, बायकार्बोनेट त्याचा जोर मोडतं. त्यातून बनणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात आणि खर्ची पडलेलं बायकार्बोनेट मूत्रपिंडं भरून काढतात. फुप्फुसं काही मिनिटांत कामाला लागतात, मूत्रपिंडांना मात्र दोन-तीन दिवस लागतात. मोठ्या माणसात हे प्रमाण साधारण 22 ते 28 मिलिमोल प्रतिलिटर असतं. लॅबनुसार एखाद-दोन आकडे इकडेतिकडे.

घसरलं तर?

जुलाबात पाण्याबरोबर आतड्यातलं बायकार्बोनेटही वाहून जातं. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. खायचा सोडा म्हणजेच सोडियम बायकार्बोनेट! आजच्या ओआरएसमध्ये त्याऐवजी सायट्रेट असतं. त्यामुळे पाकीट जास्त टिकतं आणि शरीर त्याचं बायकार्बोनेट करून घेतं.

दुसरं कारण जास्त धोक्याचं, आणि ते तुमच्याच वयात गाठू शकतं: टाइप 1 मधुमेह. इन्शुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून आम्लधर्मी कीटोन साठतात आणि बायकार्बोनेट झपाट्याने संपतं. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे तेव्हाच कळतं. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, मग उलट्या आणि पोटदुखी. धावपळ न करताही श्वास खोल आणि जोरात चालतो, कारण फुप्फुसं आम्ल बाहेर फेकायच्या मागे लागलेली असतात. रूममेटचं असं होत असेल, तर ‘पित्त झालंय, सोडा पी’ म्हणून झोपवू नका. त्याच रात्री सीपीआर किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. मधुमेह असलेल्या मित्राने उलट्या होतात, जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन स्वतःच बंद करणं, हीही मोठी चूक.

वाढलं तर?

सारख्या उलट्या झाल्या की पोटातलं आम्ल जातं आणि बायकार्बोनेट वर चढतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही तेच होतं. तालमीतल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी. वजनगटात बसायला अशा गोळ्या घेतल्या, तर पाण्याबरोबर पोटॅशियमही उतरतं. स्नायूंत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय खेळात या गोळ्यांवर बंदी आहे. तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून रोज रात्री चमचाभर खायचा सोडा घेणं, हाही तोट्याचाच धंदा.

कधीकधी मात्र वाढलेला आकडा वेगळीच गोष्ट सांगतो. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे. डॉक्टरांना वाटलं, रक्त अल्कधर्मी झालंय. भूलतज्ज्ञ बियॉर्न इब्सेन म्हणाले, नाही, श्वास अपुरा पडतोय, कार्बन डायऑक्साइड साठतोय. त्यांनी एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा द्यायला सुरुवात केली आणि ती वाचली. पण एवढ्या रुग्णांच्या पिशव्या दाबणार कोण? सुमारे 1,500 विद्यार्थी पुढे आले. तुमच्याच वयाची ही पोरं पाळ्या लावून, रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून हाताने पिशवी दाबत राहिली. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आकडा तोच होता, त्याचा अर्थ बदलला आणि माणसं वाचली.

मग करायचं काय?

* आकडा एकटा वाचू नका. पीएच, पोटॅशियम, साखर, क्रिएटिनिन आणि तुमची लक्षणं एकत्र बघून डॉक्टर निदान करतात. मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यायचं म्हणाले, तर घाबरू नका, ती याचीच तपासणी आहे.
* त्रास काहीच नसेल आणि आकडा थोडा हललेला असेल, तर पुन्हा तपासणी करायची का ते विचारा. नमुना उघडा राहिला किंवा तपासायला उशीर झाला, तरी आकडा खाली येतो.
* जुलाब सुरू होताच ओआरएस घ्या. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, पूर्ण पाकीट. गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला 2025 मध्ये एफएसएसएआयने मनाई केली आहे.
* बायकार्ब कमी आहे म्हणून मनाने सोडा पिऊ नका. इलाज आकड्यावर नाही, कारणावर करायचा असतो.
* गुंगी, धाप, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

आणि पुढच्या वेळी कुणी मित्र घाबरून ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकेल, तेव्हा आधी एवढंच विचारा, ‘भावा, तुला होतंय काय?’ डॉक्टरही पहिल्यांदा तेच विचारतात.