मालवाहू गाडी : डिझेलची की पेट्रोलची?

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे किराणा, कापड, धान्याची आडत, सरकी-ढेप अशा व्यवसायांत आहेत. खामगाव, मलकापूर, चिखली, देऊळगाव राजा या बाजारपेठांत दुकानाच्या दाराशी उभी असलेली लहान मालवाहू गाडी आज तराजूइतकीच आवश्यक झाली आहे. मात्र तराजू एकदा घेतला की फारसा खर्च मागत नाही. गाडी रोज मागते. म्हणून ती घेताना किमतीपेक्षाही पुढील पाच वर्षांच्या खर्चाचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि त्यात पहिला प्रश्न इंधनाचा असतो.

‘धंद्याची गाडी डिझेलचीच’ ही आपल्याकडील जुनी समजूत आहे. ती निराधार नव्हती. 2005 मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, बाजारात आला तो डिझेलवर चालणारा होता. डिझेलचे दर तेव्हा सरकार ठरवीत असे आणि ते मुद्दाम कमी ठेवले जात. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73.18 रुपये, तर डिझेल 40.91 रुपये लिटर होते. म्हणजे लिटरमागे 32 रुपयांहून अधिक अंतर. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि हे अंतर घटत गेले. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात ते साधारण 13-14 रुपयांच्या आसपास राहिले आहे. समजूत मात्र जुन्याच दरांवर उभी आहे.

याचा अर्थ डिझेलचे गुण संपले असा नाही. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जात असल्याने त्या ऊर्जेचा उपयोगही अधिक होतो. कमी वेगात भार ओढण्याची त्याची ताकद आपल्या जिल्ह्याला विशेष उपयोगी आहे, कारण आपला जिल्हाच घाटावरचा आणि घाटाखालचा असा विभागलेला आहे. मलकापूरहून माल भरून राजूर घाट चढत बुलढाण्यास येणारी किंवा खामगावहून बोथा घाटातून जाणारी गाडी आणि केवळ गावातल्या गावात पोती पोचविणारी गाडी यांचा हिशेब एक असू शकत नाही.

दुसऱ्या बाजूला, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली आणि डिझेल इंजिनाचा धूर शुद्ध करणारी यंत्रणा महाग झाली. मारुतीची सुपर कॅरी 2016 मध्ये डिझेल इंजिनासह आली होती. या मानकांच्या वेळी कंपनीने आपल्या सर्वच गाड्यांतून डिझेल इंजिन काढून घेतले. आजच्या अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी सलग चालून धूर पुरेसा तापला की ती काजळी जळून जाते. दिवसभर एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती साचत राहते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. पेट्रोललाही उणेपण आहे. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असल्याने अ‍ॅव्हरेज काही टक्के घटते.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. ते उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचा दर आणि आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज घालावे. पेट्रोल 105 रुपये व भरल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज 15 धरले, तर किलोमीटरमागे 7 रुपये पडतात. डिझेल 92 रुपये व अ‍ॅव्हरेज 19 धरले, तर 4 रुपये 84 पैसे. बचत 2 रुपये 16 पैसे.

ही बचत फुकट मिळत नाही. डिझेल गाडी 80,000 रुपयांनी महाग आहे असे समजू. ही जादा रक्कम 10 टक्के व्याजाने पाच वर्षांच्या हप्त्यांत फेडली, तर व्याजासह सुमारे 1,02,000 रुपये होतात. देखभालीचा जादा खर्च वर्षाला 5,000 रुपये धरला, तर पाच वर्षांचे 25,000. एकूण 1,27,000 रुपये. यास 2.16 ने भागले असता सुमारे 58,800 किलोमीटर येतात. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरल्यास हे रोजचे साधारण 39 किलोमीटर झाले.

म्हणजे या उदाहरणात रोजचे 40 किलोमीटर ही सीमारेषा आहे. रोज 20 किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या मालकास डिझेल घेतल्याने पाच वर्षांत सुमारे 62,000 रुपयांचा तोटा होईल. रोज 120 किलोमीटर फेरी करणाऱ्यास खर्च वजा जाता सुमारे 2,60,000 रुपयांचा लाभ होईल. कर्जप्रकरणांत हप्ता किती बसेल हे सर्वजण विचारतात. गाडी रोज किती चालणार, हे फार थोडे सांगू शकतात. खरे उत्तर मात्र त्याच आकड्यात दडलेले असते.

कराची बाजूही पाहावी. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवरील या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ती मिळत नाही. वजावट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही, हे लक्षात ठेवावे. स्वतःच्या मालासाठी वापरलेल्या गाडीवर आयकरात 15 टक्के घसारा मिळतो. त्या वर्षी वापर 180 दिवसांहून कमी असेल तर निम्मा. पेट्रोल-डिझेल मात्र जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्यावरील कर पूर्णपणे आपल्या खिशातून जातो. विम्याच्या बाबतीत, मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता गाडीच्या एकूण वजनगटावर ठरतो, इंधनावर नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र किमतीनुसार वाढतो.

सीएनजीचा पर्याय स्वस्त असला तरी पंप आपल्या रोजच्या मार्गावर आहे का, हे आधी पाहावे. टाकीच्या वजनाचाही विचार करावा. सुपर कॅरीची पेट्रोल गाडी 740 किलो, तर सीएनजी गाडी 625 किलो माल नेते. म्हणजे प्रत्येक फेरीत पन्नास किलोची दोन पोती कमी.

अखेरचा मुद्दा भाराचा. कमी फेऱ्यांत काम उरकावे म्हणून क्षमतेहून अधिक माल भरण्याची सवय सर्वत्र आहे. त्याने अ‍ॅव्हरेज घटते, टायर व क्लच लवकर झिजतात आणि दंड किमान 20,000 रुपयांचा होतो. घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले तर हानी रुपयांत मोजता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ सांगितले आहे. तेव्हा प्रश्न बैलाच्या पाठीचा होता. आज तो चालकाच्या, हमालाच्या आणि रस्त्यावरील इतर जीवांच्या सुरक्षिततेचा आहे. पूर्ण भार नेण्याची गरज वारंवार पडत असेल, तर मोठ्या क्षमतेची गाडी घेणे हाच योग्य मार्ग.

तेव्हा शोरूममध्ये जाण्यापूर्वी तीन महिने एक साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, माल किती, घाट होता की नाही आणि भाडे किती दिले, एवढ्या पाच नोंदी पुरेत. काहींना तर या वहीवरून दिसून येईल की फेऱ्या इतक्या थोड्या आहेत की भाड्याची गाडीच परवडते. आपल्या पूर्वजांनी रोजमेळ पाहिल्याशिवाय कोणताही मोठा खर्च केला नाही. गाडीच्या बाबतीतही निर्णय शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून नव्हे, आपल्या वहीकडे पाहून घ्यावा.